पावसाळ्यात केस का पिंजारतात?

मृगाचा पाऊस सुरू झाला की अंधेरी-बोरिवलीकडे काय आणि घाटकोपर-मुलुंडकडे काय, घरोघरी एक तक्रार ऐकू येते. "काल न्हाले, आज पुन्हा झिपऱ्या!" सकाळी चापूनचोपून विंचरलेले केस स्टेशन येईपर्यंत पिंजलेल्या कापसासारखे उभे राहतात. मग कोणी म्हणते तेल बदला, कोणी म्हणते शांपू बदला. दुकानदार तर नवी बाटली पुढे करायला तयारच असतो.

प्रश्न केसांचा खरा, पण त्यात कष्टाचा पैसा आहे आणि प्रकृतीही आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

दोष कोणाचा?

दोष केसांचा नाही, हवेचा आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. जुलैत हवेतला दमटपणा बहुधा ८० टक्क्यांच्या वर असतो. अशा हवेत मीठ ओलावते, पापड मऊ पडतो, दार चौकटीत अडकते. दार का अडकते? लाकूड हवेतले पाणी पिते आणि फुगते म्हणून. केसही तसाच पाणी पितो.

ही गोष्ट विद्वानांना फार पूर्वी कळली होती. जिनीव्हाचे सोस्यूर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हवेतला दमटपणा मोजायला माणसाचा केस वापरला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला की केस दोन-अडीच टक्के लांब होतो. त्या केसाला काटा जोडला की काटा फिरतो आणि दमटपणा कळतो. म्हणजे ज्या गुणामुळे आपण वैतागतो, त्याच गुणावर एक यंत्र चालले.

आता केसाच्या आत पाहू. केसाच्या वर बारीक खवल्यांचे कवच असते. मंगळुरी कौले जशी एकावर एक बसवतात, तशी ही खवले बसलेली असतात. कौले नीट असली तर घरात पाणी येत नाही. फुटली, सरकली तर गळते. रासायनिक रंग, तापवलेली इस्त्री आणि टॉवेलाने खसाखसा पुसणे यांनी ही खवले उचकटतात. मग पाणी आत शिरते. एक केस जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि सारे एका दिशेने बसेनासे होतात. यालाच आपण केस पिंजारले म्हणतो.

कवचाच्या आत केराटिन नावाचे द्रव्य असते. आपली नखेही त्याचीच. या केराटिनचे धागे दोन तऱ्हेने शिवलेले असतात, असे समजा. एक कच्चा टाका आणि एक पक्की शिवण. कच्चा टाका पाण्याने सुटतो आणि केस वाळला की पुन्हा पडतो. म्हणून इस्त्रीने सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा वळतात. पक्की शिवण गंधकाची. ती पाण्याने सुटत नाही. केस जन्मतः कुरळे असले तर ते तेलाने किंवा शांपूने सरळ होणार नाहीत. ते व्यंग नव्हे, आईबापांकडून आलेली ठेव आहे.

काय घ्यावे?

पहिले खोबरेल. आजीचे हे औषध शास्त्रालाही पटले आहे, बरं का. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. धुताना-विंचरताना केसातले जे द्रव्य झिजून जाते, ती झीज तिघांपैकी फक्त खोबरेलानेच चांगली कमी झाली. कारण खोबरेलाचा कण लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो. खनिज तेल वरवरच राहते. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही लक्षात असू द्या. पण त्यासाठी भारी बाटली लागत नाही. घाण्याचे साधे शुद्ध खोबरेलही चालते.

दुसरा शांपू. हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्या चंपीचाच भाऊ. इंग्रजांनी तो इकडूनच नेला. शांपूचे काम मळ काढणे, केस मऊ करणे नव्हे. म्हणून सौम्य शांपू थोडाच घ्यावा. एक-दोन रुपयांची पुडी बहुतेकींना एका न्हाण्याला पुरते. रिठे आणि शिकेकाई यांनाही फेस येतो आणि मळ निघतो. अंगाचा साबण मात्र केसांना लावू नये. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस राठ होतात.

तिसरे कंडिशनर. पिंजारणाऱ्या केसांना खरा उपयोग याचाच. उचकटलेल्या खवलांना ते चिकटते आणि त्यांना खाली बसवते. पैसे थोडे असतील तर महागडा शांपू सोडा, साधा शांपू आणि साधे कंडिशनर घ्या.

चौथे सीरम. यात बहुधा डायमेथिकोनसारखे गुळगुळीत द्रव्य असते. ते केसावर पातळ पापुद्रा धरते, त्यामुळे बाहेरचा ओलावा कमी शिरतो. ते नसले तरी अडत नाही. ओलसर टोकांना खोबरेलाचे दोन थेंब चोळले तरी बरेचसे काम होते.

एक सावधगिरी. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. हिवाळ्यात ते बरे. पण भर पावसाळ्यात, खूप ग्लिसरीन असलेले द्रव्य लावून केस मोकळे सोडले, तर कित्येकींचे केस उलट अधिक फुलतात.

कसे वापरावे?

वस्तू चांगली असून भागत नाही, हातोटी हवी.

१. न्हाण्यापूर्वी तासभर केसांना तेल लावा. फार चोपडू नका, नाही तर ते काढायला दुप्पट शांपू लागेल. डोक्यात कोंडा असेल तर तेल टाळूला न लावता केसांच्या लांबीलाच लावा. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावर पोसते.

२. शांपू पाण्यात कालवून टाळूला लावा. केसांच्या लांबीला खाली उतरणारा फेस पुरे.

३. कंडिशनर टाळूला लावू नका. कानाच्या खालच्या केसांना लावा, दोन मिनिटे थांबा आणि धुऊन टाका.

४. टॉवेलाने झटकू-घासू नका. जुना सुती पंचा किंवा धोतराचा तुकडा घेऊन केस दाबून टिपा. ओला केस कमकुवत असतो, ओढला की तुटतो.

५. जाड दातांच्या फणीने आधी टोकाचा गुंता सोडवा, मग वर या.

६. केस वाळेपर्यंत त्यांत सारखा हात घालू नका. ओल्या केसांची वेणीही घालू नका. घाई असेल तर पंख्याखाली बसा.

७. बाहेर पडताना सैल वेणी किंवा अंबाडा घाला, वर ओढणी घ्या. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली ही खास बायकांची लोकल सुरू झाली. तेव्हापासून नोकरीला जाणाऱ्या बायकांची गर्दी वाढतच गेली आहे. त्या गर्दीत, दारातल्या वाऱ्यात, मोकळ्या केसांचा निभाव लागणे कठीण.

केसाने गळा कापू देऊ नका

माझी एक जुनी विद्यार्थिनी मोठ्या दुकानात काउंटरवर उभी असते. वरचे साहेब म्हणाले, "केस नीट करून येत जा." पोरगी घाबरली. नोकरीचा प्रश्न! तिने अर्ध्या पगाराइतके पैसे खर्चून केस सरळ करून घेतले. तापलेली इस्त्री फिरताना धूर निघाला, डोळ्यांतून पाणी आले. "असंच होतं," म्हणून तिला बसवून ठेवले. चार महिन्यांत मुळाशी तिचे आपले कुरळे केस पुन्हा डोकावू लागले.

तो धूर साधा नव्हे. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली या वायूला माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातले. बाटलीवर 'केराटिन' असे गोड नाव असले म्हणून आतली वस्तू निरुपद्रवी होत नाही. म्हणून आधी विचारा, बाटली मागा, वाचा. डोळे झोंबले की उठून मोकळ्या हवेत या. यात भीड कसली? आणि गर्भार बाईने तर या वाटेला जाऊच नये.

ती मुलगी आता नीट वेणी घालून कामाला जाते. नोकरी शाबूत आहे. साहेबांना केस सरळ नको होते, नेटके हवे होते.

अक्षर ओळखा, पैसा वाचवा

तुम्ही आता वाचू लागला आहात. त्याचा पहिला उपयोग इथे करा. बाटलीच्या पुढच्या बाजूला बदामाचे, आवळ्याचे मोठे चित्र असते. मागची बारीक अक्षरे मात्र खरे सांगतात. शांपू-कंडिशनरवर घटकांची यादी असते. जे जास्त, ते आधी लिहायचे असा नियम आहे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली द्रव्ये शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. यादीत आधी लिक्विड पॅराफिन आणि शेवटी बदाम तेल असेल, तर समजा, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेलच.

खोबरेलाच्या डब्यावर 'खाद्य तेल' असे दिसले तर गोंधळू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शुद्ध खोबरेल लहान डब्यात असले तरी ते करासाठी खाद्य तेलच धरावे, मात्र केसांचे तेल म्हणून विकले तर ती बाब वेगळी. म्हणजे खाद्य तेलाचा डबा केसांनाही तितकाच चालतो.

आज घरातली एक बाटली हातात घ्या आणि चार गोष्टी शोधा: पहिले तीन घटक कोणते? वजन किंवा माप किती? किंमत किती? कधीपर्यंत वापरायची? लहान अक्षरे दिसत नसतील तर मुलाला वाचायला सांगा, पण बोट तुमचे ठेवा. पुढच्या खेपेला दुकानात गेलात की बाटली आधी उलटी करून पाहा. दुकानदार थोडा चपापेल. चपापू द्या.