गवत्याच्या पेशीवरचा पहारा

रोहू-कटल्यासोबत आपल्या तळ्यांत सोडला जाणारा गवत्या मूळचा चीनकडचा. तिथे रिओव्हायरसमुळे त्याला रक्तस्रावाचा आजार जडतो: परांची मुळं आणि कल्ल्यांची झाकणं लाल होतात, बोटुकली भराभर मरते. या विषाणूचा आरएनए दुपदरी. निरोगी पेशीत तसे लांब धागे सहसा नसतात, म्हणून घुसखोर ओळखू येतो. ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांत टीएलआर-३ पेशीच्या आत आखूड तुकडे पकडतं. टीएलआर-२२ बाहेरच्या पडद्यावर लांब धागे हेरतं. हे दुसरं प्रथिन माणसाकडे नाहीच, आणि मला तेच विलक्षण वाटतं! ही कामाची वाटणी २००८ साली फुगू माशात दाखवली गेली. दोघांच्याही इशाऱ्याने इंटरफेरॉन तयार होतं आणि शेजारच्या पेशी विषाणू पोचण्याआधीच सावध होतात.