मिशी, चिलखत आणि राख

मर्दपणाची खूण म्हणून आपल्याकडे मिशीला केवढा मान! मिशीवर ताव मारावा, मिशीला पीळ भरावा, आणि पैज हरलीच तर ती उतरवून द्यावी. पण आज जगातली सर्वांत प्रसिद्ध मिशी कोणाची, असे मला कोणी विचारले, तर मी कोणा सरदाराचे नाव घेणार नाही. मारिओ नावाच्या एका ठेंगण्या प्लंबरचे घेईन. १९८१ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळात शिगेरू मियामोतो यांनी त्याला प्रथम पडद्यावर आणले, तेव्हा तो सुतार होता. प्लंबर मागाहून झाला. त्याला मिशी का दिली, ठाऊक आहे? त्या काळचा पडदा इतक्या भरड ठिपक्यांचा, की त्यात तोंड काढायला जागाच नव्हती. नाकाखाली मिशी चिकटवली की नाक कळते आणि तोंडाचा प्रश्न मिटतो. केस नीट निघेनात म्हणून डोक्यावर टोपी आली. पौरुषाचे एवढे मोठे चिन्ह, आणि त्याच्या मुळाशी काय, तर ठिपक्यांची टंचाई!

वाचकहो, व्हिडिओ गेमचे नाव निघताच पान उलटू नका. आपल्या घरातली मुले रोज तासन् तास ज्यांच्या संगतीत असतात, ते पुरुष आणि त्या स्त्रिया आहेत तरी कशा, हे पाहायला काय हरकत आहे? आणि माझ्यासारख्या व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला तर येथे अनपेक्षित मेजवानी मिळते.

१९८६ सालच्या 'मेट्रॉइड'चेच पाहा. नखशिखांत चिलखत घातलेला, हाताला तोफ असलेला सामस आरन हा त्याचा नायक. इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख सरळ पुल्लिंगी. खेळणाऱ्याने मात्र चपळाईने खेळ संपवला, की शेवटी चिलखत उतरते आणि आत उभी असते एक स्त्री! हजारो मुलांनी जिला 'तो' म्हणून रात्री जागवल्या, ती 'ती' निघाली. रचनाकारांची ही युक्ती मला मनापासून आवडली. न आवडलेली गोष्टही सांगतो. खेळ जितका लवकर संपवाल, तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. शूर स्त्री दाखवायची, आणि लगेच तिलाच बक्षीस म्हणून मांडायचे, हा कारभार काही बरा नव्हे.

हे गुपित मराठीत राखता आले असते का, असा प्रश्न मी एकदा वर्गात घातला. मुले म्हणाली, अशक्य. आपले क्रियापद चहाडखोर. 'आला' की 'आली', हे सांगितल्याशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नाही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, 'सामसने शत्रूला मारले.' यात कुठे कळते?" मी खडू खाली ठेवला. खरेच की! भावे प्रयोगात कर्ता बेमालूम लपतो. भूतकाळात सामस मारीत आहे तोवर बाई की बुवा कळायचे नाही. पडला की पडली, दमला की दमली, तिथे मात्र बिंग फुटणार. त्या दिवशी प्रयोगांचा धडा जितका रंगला, तितका माझ्या नोकरीत क्वचितच रंगला असेल.

वेषांतराचे आपल्याला तसे नवल नाही. विराटाघरी बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवणारा अर्जुन आपल्या आजीने सांगितला, आणि बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करीत, हेही आपण ऐकत आलो. म्हणूनच १९९७ सालच्या 'फायनल फँटसी सात' या खेळातला क्लाउड, म्हणजे स्वतःएवढी तलवार पाठीवर वागवणारा तो अबोल तरुण, मैत्रिणीला सोडवण्यासाठी झगा आणि केसांचा टोप घालून एका लंपटाच्या वाड्यात शिरतो, तेव्हा मला तो परका वाटत नाही. मूळ खेळात त्या प्रसंगाची चेष्टाच अधिक होती. २०२० च्या नव्या अवतारात तोच क्लाउड रंगमंचावर झोकात नाचतो, आणि त्याला सजवणारा नर्तक त्याची टर न उडवता लाजू नकोस असे बजावतो. तेवीस वर्षांत थट्टेची जागा नृत्याने घेतली.

पण मी अधिक रेंगाळलो तो क्रेटॉसपाशी. माझी धाकटी बहीण एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, "दादा, पोरगा दिवसभर मारामाऱ्या पाहतो, बापाशी चार शब्द बोलत नाही. तूच बघ बाबा." बघायला म्हणून मी भाच्याशेजारी बसलो. २००५ च्या 'गॉड ऑफ वॉर'मधला हा स्पार्टन योद्धा म्हणजे केवळ क्रोधाचा गोळा. एरीस या युद्धदेवाने कपटाने त्याच्याच हातून त्याच्या बायकोचा आणि मुलीचा जीव घेवविला. त्यांची राख शापाने त्याच्या कातडीला कायमची चिकटली, म्हणून तो पांढराफटक. २०१८ च्या खेळात तो उत्तरेकडच्या देवांच्या मुलखात येतो. दुसरी पत्नी वारली आहे. तिची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळायची आहे, आणि बरोबर लहानगा मुलगा अट्रेयस. बाप त्याला सहसा नावाने हाक मारीत नाही. 'पोरा' एवढेच म्हणतो.

मुलगा पहिले हरीण मारतो आणि गलबलतो. क्रेटॉस त्याच्या खांद्याकडे हात नेतो, आणि तो टेकण्याआधीच मागे घेतो.

मी म्हणालो, "पुरुषी संकोच. आमच्या पिढीचे बाप असेच."

भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाही मामा. तो घाबरलाय. त्याच हाताने त्याने मुलगी मारलीय ना."

कॉलेजात इतकी वर्षे रसग्रहण शिकवतो. हे वाचन माझ्यापेक्षा सरस होते. त्या कणखर शरीरात संकोच नसून भय आहे, हे एकदा मानले की पुढचे सारे उलगडते. जुन्या शस्त्रांच्या साखळ्यांचे व्रण त्याने पट्ट्यांनी झाकले आहेत. आपण देव आहोत, हेही त्याने मुलापासून लपवले आहे. त्या लपवण्यानेच मुलगा आजारी पडतो. मग त्याला वाचवायला बाप घराच्या जमिनीखाली पुरलेली तीच शस्त्रे पुन्हा बाहेर काढतो. अखेरीस सत्य बोलून झाल्यावर तो हातांच्या पट्ट्या सोडतो, आणि राख दोघे मिळून उधळतात.

आता हा 'मर्दानगी'चा नवा आदर्श म्हणावा की जुन्या रागालाच दिलेली दुःखाची झालर? भाच्याचा कौल पहिल्याला, माझा अर्धा दुसऱ्याला. कारण या हळव्या बापाच्या हातूनही वाटेत शेकडो मुडदे पडतात, आणि बटण दाबणारा ते आनंदाने पाडतो. बायकांचे तर विचारूच नका. दोन्ही खेळांत बायको कथा सुरू व्हायच्या आधीच मेलेली! बापाच्या हृदयपरिवर्तनाला दर वेळी एका स्त्रीची रक्षा का लागावी, असे मी विचारले, तेव्हा भाचा गप्प झाला. रात्री जेवताना मात्र त्याने तोच प्रश्न आपल्या वडिलांना घातला, आणि खेळातले ओ की ठो न कळणारे ते गृहस्थ ताटातला भात निवेपर्यंत त्याच्याशी वाद घालीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्याची दहा वर्षांची बहीण खेळायला बसली. क्रेटॉस कुऱ्हाड घेऊन धावला आणि दुसऱ्याच घावात कोसळला. तशी ती त्या दाढीवाल्याकडे पाहत ओरडली, "अय्या, मी मेले!"