खडखड, कुरकुर आणि भुणभुण

घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. पत्रा, काच, रबर, प्लॅस्टिक आणि शेदोनशे स्क्रू ही मंडळी वर्षानुवर्षे एका छपराखाली नांदतात, ऊन, धूळ आणि खड्डे सोसतात, आणि मग हळूहळू एकेकाला कंठ फुटतो. दरवाजा खडखडतो, सीट कुरकुरते, डॅशबोर्ड भुंग्यासारखा भुणभुणू लागतो. १९५८ साली रोल्स-रॉइसची एक जाहिरात फार गाजली होती. ताशी ६० मैलांच्या वेगाला या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्यातल्या विजेच्या घड्याळाचा, असा तिचा आशय. सर्वसामान्य कुटुंबाच्या जुन्या गाडीत मात्र हॉर्न सोडून सगळे वाजते!

आमची गाडी म्हणजे १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी. नंबर एमएच-२३चा, म्हणजे बीडकरीण. पण माहेर मुंबईचे, कुर्ल्याच्या कारखान्यातले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून ही घडवली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढे बाकासारखी सलग सीट. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची अजून नोकरीत आहे. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, ती आम्ही करतो.

ही गाडी मुख्यतः आईसाठी. महिन्यातून एकदा तिला अंबाजोगाईला न्यायचे असते. तिथल्या डॉक्टरांवर तिचा विश्वास, धाकटी बहीण तिथेच, आणि योगेश्वरीचे दर्शनही होते. बीडहून पाली, मांजरसुंब्याचा घाट, केज आणि मग अंबाजोगाई, असा हा रस्ता. गेल्या उन्हाळ्यात परत आल्यावर आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की भजनी मंडळ? टाळ आहेत, चिपळ्या आहेत, अभंग तेवढा राहिला. माझं डोकं उठतं. पुढच्या महिन्यापासून मी एसटीनं जाईन."

वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, गुडघे अधू, आणि एसटीची ती उंच पायरी! सौ. म्हणाली, "गाडी तरी काढून टाका, नाहीतर तिचं तोंड तरी बंद करा." काढून टाकायची म्हणजे भंगारात. माझ्या वडिलांनी घेतलेली ती वस्तू. तेव्हा तोंड बंद करण्याचाच मार्ग उरला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक उस्ताद आहेत. चाळीस वर्षे त्यांचे हात ग्रीसमध्ये. मला वाटले, ते लगेच पाना घेतील. त्यांनी आधी चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, गाडी बोलते ते ऐकून घ्या. आवाज कुठून येतो हे नंतर. तो कधी येतो, ते आधी लिहून आणा."

त्यांचे म्हणणे किती शास्त्रशुद्ध आहे ते पुढे कळले. आवाजाच्या तीन जाती आहेत. दोन सुट्या वस्तू एकमेकींवर आपटल्या की खडखड होते. दोन वस्तू एकमेकींना चिकटून, सुटून, पुन्हा चिकटून घासल्या की कुरकुर. आणि एखादा पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा कंप पावू लागला की भुणभुण. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला तर झोका वाढत जातो ना, तसेच हे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला तीन हजार फेरे असले तर सेकंदाला शंभर धक्के झाले. डॅशबोर्डच्या एखाद्या पट्टीला हीच लय मानवली की ती थरथरू लागते. म्हणूनच भुणभुण ताशी ५५ ला सुरू होते आणि ६५ ला आपोआप थांबते. आपल्याला वाटते गाडी लहरी आहे. पण ती नियमाला अगदी पक्की असते.

लिहून घेण्याचे काम माझ्या पुतणीने पत्करले. ती अकरावीत, विज्ञान शाखेची. तिने वहीत तीन रकाने पाडले: इंजिन, रस्ता, ऊन. गाडी उभी ठेवून, गिअर काढून, हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायचा; तेव्हा जो आवाज येईल तो इंजिनाच्या खाती. गाडी चालू लागल्यावर, खड्ड्यांतच येतो तो रस्त्याच्या खाती. आणि सकाळी नसतो, दुपारी येतो, तो उन्हाच्या खाती. आपल्या बीडचे ऊन चाळिशी ओलांडते, आणि प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक फुगते. सकाळी जिथे फट असते तिथे दुपारी घासाघीस. शिवाय वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर कडक होऊन चिरते. मग ते उशीचे काम सोडून खडखडणाऱ्यांना सामील होते.

एक पथ्य मात्र आम्ही पाळले. चालवणाऱ्याने आवाज शोधायचा नाही. मी समोर पाहून चालवायचे, आणि पुतणीने मागे बसून ऐकायचे. तिने रबरी नळीचा हातभर तुकडा एका कानाला लावला आणि दुसरे टोक दारावर, सीटखाली, खिडकीच्या कडेला फिरवले. डॉक्टरांच्या नळीचीच ही गरीब बहीण. पण आवाजाची जागा वीतभर अंतरात सापडते. संशय आला की तळहाताने तिथे दाबायचे. आवाज थांबला, तर चोर सापडला!

पहिला चोर डिकीत निघाला. जॅक, पाने आणि स्टेपनी यांची तिथे रोज मारामारी चाले. आईच्या एका जुन्या गोधडीत हत्यारे गुंडाळली आणि स्टेपनी कसून बांधली, तोच निम्मे भजन थांबले. दुसरा आवाज खिडकीच्या काचेचा. काच अर्धी खाली घेतली की आवाज बदलायचा, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या मऊ पट्ट्या झिजल्या होत्या. नव्या बसवल्या. तिसरा दाराचा. आतून तळव्याने दाबले की गप्प. म्हणजे कुलपाचा खटका ज्यात अडकतो तो खांबावरचा तुकडा किंचित आत सरकवायला हवा होता. स्क्रू सैल करून तो केसभर सरकवला आणि दार "खट्" असे शहाण्यासारखे लागू लागले.

डाव्या मागच्या दारात मात्र काहीतरी वाळूसारखे सळसळत होते. आतला पुठ्ठा काढला, तर तळाशी मूठभर काळ्या बिया! सीताफळाच्या. आपल्या बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे तेच. कित्येक दिवाळ्यांत मुलांनी काचेच्या फटीतून आत सोडलेल्या त्या बिया वाळून खडखडीत झाल्या होत्या. गंमत सोडा, पण त्यांनी दाराच्या तळाची भोकेही बुजवली होती. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरते ते या भोकांतून बाहेर पडते. ती बुजली की पाणी साचून पत्रा आतून गंजतो. म्हणून दारात फोम किंवा चिंध्या कोंबून आवाज बंद करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये.

डॅशबोर्डचे काम नाजूक. तिथे जोर लावून स्क्रू आवळला तर जुने प्लॅस्टिक तडकते. स्क्रू बेताने आवळायचा, आणि जिथे प्लॅस्टिक पत्र्याला टेकते तिथे फेल्टची पातळ पट्टी चिकटवायची. सामानाच्या खणाच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरला. दाराच्या रबराची कुरकुर टाल्कम पावडरीने थांबली; कायमचे हवे तर सिलिकॉन ग्रीस लावावे. खनिज तेल रबराला लावू नये, त्याने बरेचसे रबर फुगते आणि सैल पडते. स्पीडोमीटरचा काटा थरथरत टिकटिक करत होता, तो उस्तादांनी केबलला ग्रीस देऊन शांत केला. सगळा खर्च एका चांगल्या साडीहून कमी, हे सौ.ने स्वतः हिशेब करून मान्य केले.

हे काम मोठमोठे कारखानेही करतात बरे का! पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे वाहनांच्या आवाजाची आणि कंपनांची तपासणी करण्याची खास प्रयोगशाळा आहे. विजेवरच्या गाड्या आल्यापासून ही विद्या आणखी महत्त्वाची ठरली आहे. इंजिनाचा घुमारा नसल्यामुळे तिथे बारीकशी कुरकुरही ठणठणीत ऐकू येते.

आमच्याही गाडीत नेमके तेच घडले. पुढच्या महिन्यात आई बसली. पालीपर्यंत ती काही बोलली नाही. मांजरसुंब्याच्या घाटात एका वळणावर गाडी खड्ड्यातून गेली आणि ती म्हणाली, "मागून ठक् झालं रे." मी हळू केले. पुढच्या खड्ड्याला मलाही ऐकू आले: खोल, जड, एकच ठोका. आतली खडखड कधीच नव्हे. घाट चढून मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी उभी केली, आईला दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवले आणि उस्तादांना फोन लावला.

ते आले, गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागचा कमानपाटा गाडीच्या सांगाड्याला ज्या कडीने टांगलेला असतो, तिच्यातले रबरी बुश पार झिजले होते, आणि बोल्टची नट सुटत आली होती. या पाट्यांवर नुसता भार नसतो. मागचा आसही तेच जागेवर धरून ठेवतात. उस्ताद हात पुसत म्हणाले, "घाट उतरताना हा निसटला असता, तर मागची चाकं तिरपी झाली असती. आईसाहेबांचे कान तिखट, म्हणून वाचलात."

कान तिखट होतेच. पण महिन्याभरापूर्वी त्या भजनात हा ठोका कुणालाच ऐकू आला नसता. उस्तादांनी तेव्हाच दुसऱ्या बाजूचे बुशही बदलून दिले. आई अजून आमच्याच गाडीने जाते.

म्हणून सांगावेसे वाटते की रेडिओचा आवाज वाढवून खडखड झाकू नये. आणि काही आवाज घरच्या फेल्टपट्टीचे नव्हेत. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखे झाले, स्टिअरिंग वळवताना ठोका बसला, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर आली, किंवा चाकाच्या फेऱ्याबरोबर नेमाने टकटक होऊ लागली, तर गाडी तशीच पुढे न दामटता मिस्त्रीला दाखवावी.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, काही अजून बैलगाड्यांनी. चाक कुरकुरले की गाडीवान आधी उतरून वंगण पाहतो. रात्र कितीही झाली असो. आपणही घराची झाडलोट करताना अर्धा तास मोटारीला द्यावा. डिकी रिकामी करावी, दारांच्या तळाची भोके मोकळी करावीत, घरातल्या एखाद्या मुलाला मागे बसवून दोन मैल हिंडून यावे. मुलांचे कान फार चांगले असतात, आणि खाऊ म्हणून एक सीताफळ पुरते. बिया मात्र मोजून परत घ्याव्यात.