'सुमूद' : एका अरबी शब्दाचा व्यवहार

'अहिंसा' या शब्दास अरबी भाषेत 'ला-उन्फ' असा प्रतिशब्द योजला जातो. 'उन्फ' म्हणजे हिंसा आणि 'ला' हा नकार. रचनेच्या दृष्टीने तो संस्कृत शब्दाचा सख्खा भाऊच म्हणावयाचा. असे असूनही इस्रायलच्या लष्करी अंमलाखालील पॅलेस्टिनी समाजाने आपल्या निःशस्त्र प्रतिकारासाठी हा शब्द फारसा आपलासा केला नाही. नकारातून घडलेल्या संज्ञेस निष्क्रियतेची छटा चिकटते, हे त्याचे एक कारण असावे; 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' ही संज्ञा टाकून 'सत्याग्रह' हा शब्द घडविताना गांधीजींपुढेही हीच अडचण होती. पॅलेस्टिनी लोकांच्या तोंडी रुळला तो 'सुमूद' हा शब्द : पाय रोवून राहणे, न ढळणे.

१९६७ च्या युद्धानंतर जमीन न सोडणे, एवढाच या शब्दाचा आशय होता. १९७८ च्या बगदाद येथील अरब शिखर परिषदेनंतर सुमूदच्या नावाने बाहेरून निधी येऊ लागला, आणि शब्दाचे तेज काहीसे मंदावले. रामल्लाचे वकील व लेखक राजा शहादे यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजनिशीवजा पुस्तकास 'तिसरा मार्ग' या अर्थाचे नाव दिले. आंधळा द्वेष आणि मुकी शरणागती यांच्यामधून चालणारा तो 'सामिद', अशी त्यांची मांडणी होती. बैठ्या सहनशीलतेकडून कृतीकडे हा शब्द कसा वळला, ते समजण्यास हे पुस्तक उपयोगी पडते.

ही कृती डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झालेल्या इंतिफादात उघड झाली. 'इंतिफादा' म्हणजे अंग झटकणे. क्रमांक घातलेली पत्रके गुप्तपणे वाटली जात. कोणत्या दिवशी हरताळ, दुकाने किती वाजता मिटावयाची, हे त्यांत असे. लष्कराने शाळा बंद केल्या तेव्हा घराघरांतून वर्ग भरू लागले. बीरझेत विद्यापीठ तर १९८८ पासून १९९२ पर्यंत बंद होते.

बेथलेहेमलगतच्या बैत साहूर या बहुसंख्य ख्रिस्ती वस्तीच्या गावाने मात्र याहून पुढचे पाऊल टाकले. आपल्याकडून वसूल होणाऱ्या कराचा हिशेब मिळत नाही आणि त्यातून ताबाच पोसला जातो, म्हणून तेथील दुकानदारांनी व औषधविक्रेत्यांनी कर नाकारला. १९८८ च्या जुलैत शेकडो रहिवाशांनी लष्करी शासनाने दिलेली ओळखपत्रे परत केली. परसात भाज्या लावल्या. इस्रायली दुधावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून अठरा गाई आणल्या; त्या गाईच सुरक्षिततेस धोका ठरविल्या गेल्या आणि त्यांना दडवीत फिरण्याची पाळी गावावर आली. (या प्रसंगावर २०१४ मध्ये एक चित्रपटही निघाला, विनोद येथे वेगळा घालावा लागत नाही.) १९८९ च्या सप्टेंबरात गावाला वेढा पडला. सुमारे सहा आठवडे दूरध्वनी तोडलेले, संचारबंदी चालू, आणि घरांतून, दुकानांतून, कार्यशाळांतून यंत्रे, फर्निचर, माल उचलून नेला जात होता. सुरक्षा समितीपुढे आलेला निषेधाचा ठराव नोव्हेंबरात अमेरिकेच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला. बार्डोलीच्या जप्तीची आठवण भारतीय वाचकास येथे होईलच. पण बार्डोलीस अखेर चौकशी समिती मिळाली, बैत साहूरला तीही नाही.

इंतिफादा सर्वस्वी अहिंसक होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. दगड फेकले गेले. शत्रूला सामील असल्याच्या संशयावरून स्वकीयांचे खूनही झाले. दुसऱ्या बाजूने, कर नाकारणाऱ्या दुकानदाराची बातमी दगड भिरकावणाऱ्या मुलाच्या छायाचित्रामागे झाकली गेली, हेही खरे. जेरुसलेममध्ये १९८५ मध्ये अहिंसेच्या अभ्यासाचे केंद्र काढणारे मुबारक अवद यांना इस्रायलने १९८८ मध्ये हद्दपार केले. ज्याच्या हाती शस्त्र नव्हते त्याचेही भय शासनाला वाटत होते, हे यावरून दिसते.

पुढे हाच व्यवहार बिलईन या गावी पुन्हा दिसला. विभाजक कुंपणाने गावाची ऑलिव्हची शेते तोडली, तेव्हा २००५ पासून गावकरी दर शुक्रवारी नमाजानंतर कुंपणाकडे चालत जाऊ लागले. त्यांच्यासोबत इस्रायली नागरिकही असत. २००९ मध्ये अश्रुधुराचे नळकांडे छातीवर लागून एक निदर्शक मरण पावला. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने कुंपणाची रेषा बदलण्याचा आदेश २००७ मध्येच दिला होता. ती प्रत्यक्ष हलली २०११ मध्ये. काही जमीन परत मिळाली, काही कुंपणापलीकडेच राहिली, आणि शुक्रवारची निदर्शने त्यानंतरही चालू राहिली.