मांजर जवळ येऊन बसतं तेव्हा

आज आपण दुःखाविषयी आणि मांजराविषयी एकत्रच बोलणार आहोत.

घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस घर भरलेलं असतं. कुणी डबा आणतं, कुणी भांडी घासून देतं. चौदाव्या दिवशी ज्याला त्याला आपापली लोकल गाठायची असते. आमच्या अंधेरीत तर शेजारचं दार सकाळी बंद होतं ते रात्रीच उघडतं. मग घरात उरते एकटी बाई, आणि असलंच तर एक मांजर. अशा वेळी सल्ला मिळतो, "आता हे लोढणं कशाला? वेसाव्याच्या मासळी बाजारात सोडून दे, खाईल पिईल, जगेल." हा सल्ला का ऐकू नये, ते समजून घेऊ.

मांजराला आपलं दुःख कळतं का? माणसासारखं कळत असेल, असं आम्ही म्हणणार नाही. पण आपला आवाज, चाल, उठण्याबसण्याची वेळ बदलली की ते त्याला जाणवतं. अंगाशी येऊन ते घुरघुरतं. हा आवाज स्वरयंत्रातून निघतो, श्वास घेताना आणि सोडतानाही चालू राहतो. पिल्लं आईला पिताना घुरघुरतात. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. मांडीवरची ती ऊब आणि संथ थरथर यांनी आपलाही श्वास हळूहळू संथ होतो. ते "रडू नकोस" म्हणत नाही, "आता किती दिवस?" असंही विचारत नाही. आणि सकाळी भुकेनं ओरडून आपल्याला अंथरुणातून उठवतंच. त्याच्यासाठी उठलेली बाई मग स्वतःसाठीही चहा टाकते.

सुनीती नामजोशी हे नाव काहींनी ऐकलं असेल. १९४१ साली मुंबईत जन्मलेल्या, फलटणच्या नाईक निंबाळकरांकडे आजोळ असलेल्या या लेखिका इंग्रजीत लिहितात आणि इंग्लंडमध्ये राहतात. त्यांची लाडकी मांजर सुकी गेली. २०१३ साली 'सुकी' नावाचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात लेखिका आणि गेलेली मांजर गप्पा मारतात, वाद घालतात, एकमेकींना चिडवतात. गेलेल्या जिवाशी मनातल्या मनात बोलत राहणं म्हणजे वेडेपणा नव्हे, हे त्यातून आम्हाला पटलं. मांजरासाठी रडणाऱ्या बाईला "जनावरच तर होतं" म्हणू नये, हेही.

दुसरी बाजूही पाहू. गेलेल्या माणसाची वाट मांजरही पाहतं. दाराशी बसतं, पलंगाखाली लपतं, खाणं सोडतं. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर थांबू नका. उपाशीपोटी त्याचं यकृत बिघडतं. जवळच्या पशुवैद्याकडे न्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं 'बैलघोडा', तिथेही प्राण्यांवर उपचार होतात. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधीही देऊ नका. ती मांजराला विषासारखी आहे. मांजर चावलं तर जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. घरात वाढलेलं मांजर बाजारात सोडलं तर तिथली मांजरं त्याला हुसकावतात, आणि रस्ता ओलांडणं त्याला ठाऊक नसतं. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. खरंच सांभाळणं जमत नसेल तर भाचीकडे, मैत्रिणीकडे, ओळखीच्या घरी द्या.

मांजर माणसाची जागा घेत नाही, हेही सांगायला हवं. झोप उडाली, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतं, असं झालं तर १४४१६ या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर बोला. त्याला पैसे पडत नाहीत. आणि शेजारणींनो, चौदाव्या दिवशीही एकदा बेल वाजवा. येताना मांजरासाठी बोंबलाचं डोकं आणलंत, तर दार लवकर उघडेल.