मिनी ट्रॅक्टरचा लोडर: बकेट काढा, काटे लावा
मुखेडकडं उन्हाळ्यात उकिरडे उपसायला लोडर लागतोच. पण साध्या लोडरची बकेट बदलायची म्हणजे हातोडीनं पिना ठोकत बसा! क्विक-अटॅचमध्ये, म्हणजे झटपट जोडणीच्या लोडरमध्ये, हे टळतं: लोडरच्या प्लेटची वरची कड बकेटमागच्या खोबणीत अडकवायची, बकेट मागं कलवायची आणि दोन लिव्हर दाबायचे. पिना खालच्या भोकांत बसतात. मातीला बकेट, शेणखताला काटे, सोयाबीनच्या कट्ट्यांना पॅलेट फोर्क.

पिना बसल्या का, ते उतरून डोळ्यांनी बघा. मागं रोटाव्हेटर किंवा वजन हवंच, नाहीतर हलक्या ट्रॅक्टरची मागची चाकं उचलतात. आपल्याकडच्या बालाघाटी उतारावर तर भरलेली बकेट जमिनीलगतच ठेवा. आणि हो, प्लेटचं स्वतःचं वजन उचलक्षमतेतून वजा होतं. घेण्याआधी तेवढं विचाराच.