क्षयजंतूची घाईची डागडुजी

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि ऑक्सिजन-नायट्रोजनच्या जहाल रेणूंचा मारा करतात. त्याचा डीएनए जागोजागी दुखावतो. तरीही तो वर्षानुवर्षे तग धरतो, कारण त्याच्याकडे डागडुजीची जनुके आहेत. त्यांपैकी ‘रेकए’ या जनुकाचे प्रथिन तुटलेला धागा शाबूत प्रतीशी जुळवून सांधायला मदत करते.

मला मात्र ‘डीएनएई२’ जास्त अस्वस्थ करते. डीएनएला इजा झाली की हे जनुक जागे होते. त्याचे विकर बिघडलेल्या जागेवरूनही नक्कल पुढे रेटते, पण त्या घाईत चुकीची अक्षरे बसतात. बहुतेक चुका जंतूच्या काहीच कामाच्या नसतात, काही त्यालाच मारतात. एखादी मात्र नेमकी ‘आरपीओबी’ जनुकात पडते आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध त्याच्यावर चालेनासे होते. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिका व अमेरिकेतील संशोधकांनी ‘डीएनएई२’ काढून टाकलेले जंतू उंदरांमध्ये तपासले. दीर्घ संसर्गात त्यांचा जोर ओसरला, रिफॅम्पिसिनला न जुमानणारे जंतूही कमी निपजले. या विकराला अडवणारा रेणू मिळाला तर तो जुन्या औषधांच्या जोडीने देता येईल, आणि ती औषधे बोथट व्हायला वेळ लागेल.